आधी कळस, मग पाया : परदेशी शिक्षणाची आखणी



वसंतात व्याख्याने करावयाची आपल्या महाराष्ट्राची रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली आणि पुढे गावोगाव तिच्या शाखा फुटल्या. अशा व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अध्यात्म या विषयांवर बोलणे शोभून दिसते. आमचा आजचा विषय त्या मानाने रुक्ष आहे, हिशेबाचा आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. परंतु ज्या घरातला मुलगा अथवा मुलगी परदेशी शिकावयास जाण्याच्या गोष्टी बोलू लागली आहे, त्या घरात हा रुक्ष विषय जेवताखाता निघतो, आणि कर्त्या माणसाची झोपही त्यापायीच उडते. पूर्वी हे पुण्यामुंबईच्या घरांत होत असे. आता ते आपल्या टापूत येऊन पोहोचले आहे. टेंभूच्या पाण्याबरोबर शेतात ऊस आला, आणि उसाच्या बिलाबरोबर घरात परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके आली. तेव्हा या विषयावर कोणीतरी चार शब्द बोलावेत, म्हणून आम्ही उभे आहोत.

आरंभ आपल्याच गावापासून करू. मोहरमचे येथील गगनचुंबी ताबूत पाहावयास लांबलांबून माणसे येतात. हिंदू आणि मुसलमान मिळून हा सण करतात, याचे कौतुक होते व ते व्हावयासच हवे. परंतु त्या ताबुतांच्या बांधणीत आणखी एक शहाणपण आहे. जग घर बांधते ते पायापासून. येथे कळस आधी तयार होतो, आणि मग त्याखाली एकेक मजला येत येत शेवटी सारे उभे राहते. 'आधी कळस, मग पाया' ही म्हण लोक चेष्टेने वापरतात, आपण ती हाताने खरी करून दाखवितो. आमचे आजचे सारे सांगणे या एका रीतीत आले. परदेशी शिक्षणाची आखणी ताबुतासारखी करावी, कळसापासून खाली. बहुतेक घरांत ती पायापासून वर होते, आणि कळस बसवावयाची वेळ आली म्हणजे तो बसत नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरात ही ठेच लागली आहे. आमच्या धाकट्या बंधूचा मुलगा येथे अभियांत्रिकीची दोन वर्षे उत्तम गुणांनी पुरी करून अमेरिकेत गेला. मधल्या माणसाने सांगितले होते, 'दोन वर्षे झाली आहेत, तिकडे सरळ तिसऱ्या वर्षात बसेल.' तोंडीच सांगितले होते. आम्ही सारे शिकलेसवरलेले, पण कागद मागावा हे कोणाला सुचले नाही. पोरगा तिकडे पोहोचल्यावर विद्यापीठाने त्याचा हिशेब मांडला. आमची अपेक्षा साठ क्रेडिटांची, मान्य झाली अडतीस. त्यांतही बारा 'ऐच्छिक' या सदरात घातली, म्हणजे ती मोजली गेली पण मुख्य विषयाच्या कामाला आली नाहीत. यंत्रशाळेतले तास आणि अभियांत्रिकी चित्रकला यांना तिथल्या अभ्यासक्रमात जागाच नव्हती. तिसऱ्याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो बसला. दीड वर्षाचा खर्च वाढला आणि विहिरीखालचा तुकडा गहाण पडला. बंधू आम्हांस म्हणाला, "आण्णा, पोरगं दोन वर्सं शिकलंय की! मग ते मोजत का न्हाईत?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हांला पुढे बरेच वाचावे लागले, पुष्कळांना विचारावे लागले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. सरकारी मराठीत याला श्रेयांक म्हणतात. क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत. गुण सांगतात विद्यार्थी किती चांगला शिकला, क्रेडिट सांगते तो किती शिकला. ते माप आहे, आणि माप श्रमाच्या तासांचे आहे. अमेरिकेत आठवड्याला एक तास वर्गात व त्यासाठी सुमारे दोन तास स्वतःचा अभ्यास, असे पंधरा आठवडे चालले म्हणजे एक क्रेडिट होते. या मापाच्या जन्माची कथाही गमतीची आहे. अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने १९०५ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी मोठा निधी दिला. तो कोणत्या महाविद्यालयांना द्यावयाचा हे ठरविण्यासाठी शिक्षण मोजण्याचे एक समान माप हवे झाले, आणि तासांत शिक्षण मोजण्याची रीत तिकडे रुजली ती प्रामुख्याने तेथून. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पेन्शनीसाठी निघालेले माप आज जगभरच्या तरुणांच्या मागे लागले आहे!

युरोपातील राष्ट्रांनी १९८९ पासून आपले माप सुरू केले. त्यात वर्षाची क्रेडिटे साठ. इंग्लंडात वर्षाची एकशे वीस. अमेरिकेत साधारणपणे वर्षाची तीस. आपल्याकडे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला, आणि वर्षाची क्रेडिटे चाळीस ठरली. हे आकडे ऐकून पालक गोंधळतात. एक म्हणतो, इंग्लंडात आमच्या तिप्पट अभ्यास आहे. दुसरा म्हणतो, अमेरिकेत आमच्याहून कमी. दोघेही चुकतात. आपल्या वाडवडिलांच्या काळी एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीशी जुळत नसे, म्हणून काही धान्य कमीअधिक होत नसे. येथेही तसेच. आपल्याकडचा चार क्रेडिटांचा विषय अमेरिकेच्या मापाने सुमारे तीन, युरोपच्या मापाने सहा आणि इंग्लंडच्या मापाने बारा क्रेडिटांचा भरतो. हा हिशेब अंदाजाचा आहे, हक्काचा नव्हे, पण घरी बसून करावयाला तो पुरे.

या पायलीने एक जुने कोडेही सुटते. आपली तीन वर्षांची पदवी इंग्लंडात सहज चालते आणि अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे मात्र तिला अपुरी म्हणतात, हा काय पक्षपात? पक्षपात नाही. आपली तीन वर्षे म्हणजे एकशे वीस क्रेडिटे. इंग्लंडच्या मापाने ती तीनशे साठ होतात, आणि तिथली पदवीही तेवढ्याचीच असते. अमेरिकेच्या मापाने ती भरतात नव्वद, आणि तिथली पदवी एकशे वीसची असते. तीस कमी पडली. आता आपल्याकडे चार वर्षांची, एकशे साठ क्रेडिटांची पदवी आली आहे, ती अमेरिकेच्या मापाने बरोबर एकशे वीस भरते. म्हणून ज्या मुलीला अमेरिकेत पुढे शिकावयाचे आहे, तिने येथे तीन वर्षांवर थांबावे की चौथे वर्ष करावे, हा प्रश्न पहिल्या वर्षीच विचारात घ्यावयाचा आहे. पदवीदान झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

माप समजले. पण मापाने भरले म्हणून माल घेतलाच पाहिजे असे नाही. येथे आमच्या बंधूच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. विट्याकडचे आणि आपल्या बाजूचे गलाई व्यावसायिक हिंदुस्थानभर पसरले आहेत. सोने वितळवून ते शुद्ध करून देणे हा त्यांचा धंदा. त्यांच्या पेढीवर कोणी दागिना घेऊन आला, तर त्यावर कोणत्या गावच्या सोनाराचा छाप आहे हे पाहून ते मोल सांगत नाहीत. ते कस लावतात, घट वजा करतात आणि मग बोलतात. परदेशी विद्यापीठ हेच करते. आपण आणलेले क्रेडिट ही आपली मालमत्ता नसते. ती आपली मागणी असते. मान्य करावयाची की नाही, हे घेणाराच ठरवितो. 'बदली' हा शब्द आपण वापरतो तो फसवा आहे. तलाठ्याची बदली होते तेव्हा त्याची नोकरी त्याच्याबरोबर जाते. क्रेडिट असे जात नाही. नव्या ठिकाणी ते नव्याने दिले जाते.

घट कशाकशाची धरतात? एक, गुण कमी असले तर तो विषय धरीत नाहीत. दोन, विषयाचे नाव तेच पण आत शिकविलेले वेगळे, असे असले तर धरीत नाहीत. तीन, पातळी जुळावी लागते, कारण आपल्याकडचे दुसऱ्या वर्षाचे गणित तिकडे पहिल्या वर्षाचे ठरू शकते. चार, पदवीचा अमुक एवढा भाग आमच्याच येथे झाला पाहिजे, असा बहुतेक विद्यापीठांचा नियम असतो, आणि अमेरिकेत शेवटची तीसेक क्रेडिटे तेथेच मिळविण्याची अट पुष्कळ ठिकाणी आढळते. पाच, क्रेडिट मान्य होते पण ऐच्छिकात जमा होते. आमच्या पुतण्याची बारा अशीच गेली. आणखी एक लक्षात ठेवावे. क्रेडिट पलीकडे गेले तरी त्याबरोबरचे गुण बहुधा जात नाहीत. गुणांची सरासरी तिकडे कोऱ्या पाटीवर सुरू होते. येथे पहिला आलेला विद्यार्थी तेथे पहिल्या दिवशी सर्वांसारखाच असतो.

हा अनुभव आजच्याच पोरांना येतो असे नाही. रघुनाथराव परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १८९६ साली केंब्रिजला गेले. पदवी पदरात असूनही त्यांनी तेथे पुन्हा गणिताची ट्रायपॉस परीक्षा दिली आणि १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले. त्यांचे मोठेपण साऱ्या देशाने गाइले. ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले, हे मात्र आपण विसरतो.

दुसरे उदाहरण याहून मोठे आणि आपल्या अधिक जवळचे आहे. कडेगाव ज्या काळी सातारा जिल्ह्यात होते, त्या काळी, १९०० साली, साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा दाखल झाला. तो पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला ठाऊक झाला. बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर या व्यासपीठावरून पुष्कळांनी बोलून झाले असेल. आम्ही त्यांच्या अभ्यासाच्या आखणीकडे बोट दाखवितो. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहा : अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. कोलंबियाची एम. ए. झालेली असूनही लंडनला डी. एस्सी.पूर्वी त्यांना एम. एस्सी.ची पायरी चढावी लागली.

पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतणे भाग पडले. येथे त्यांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने मनात कोरून ठेवावे. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांची उसनवारी घेतली, आणि १९२० साली, मुदतीच्या आत, ते लंडनला परतले. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. ती परवानगी हाती नसती तर १९१६ सालची सुरुवात कदाचित पुन्हा करावी लागली असती.

त्याच कथेत दोन इशारेही आहेत. परतताना त्यांनी आपले सामान व ग्रंथ दुसऱ्या बोटीने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि सारे समुद्रात गेले. कागदांच्या प्रती दोन ठिकाणी असाव्यात, हा झाला पहिला इशारा. दुसरा असा : कोलंबियाने त्यांचा पीएच. डी.चा प्रबंध १९१७ सालीच स्वीकारला होता. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याखेरीज पदवी नाही, असा तेथील नियम होता. ग्रंथ छापून निघाला १९२५ साली आणि पदवी हाती आली १९२७ साली. एवढ्या बुद्धिमान पुरुषालाही नियम दहा वर्षे थांबवू शकतो. मग आपण नियम न वाचता विमानात बसावे काय?

आता कळसाकडे वळू. कळस म्हणजे कोणता प्रश्न? 'कोणत्या देशात प्रवेश मिळेल' हा कळस नव्हे, तो पाया आहे. 'ही पदवी घेऊन पोर कोठे व कोणते काम करणार, आणि तेथे ती कोण मान्य करणार' हा कळस. हा प्रश्न न विचारल्याने केवढा घोर ओढवतो, हे २०२२ साली महाराष्ट्राने पाहिले. युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि वैद्यकीचे हजारो भारतीय विद्यार्थी अर्ध्या अभ्यासक्रमावरून घरी परतले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील मुलेही होती. येथील महाविद्यालयांत सामावून घ्या, अशी मागणी झाली. तशी तरतूद आपल्या नियमांत नव्हती. वैद्यकीय आयोगाने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे परदेशी वैद्यकीचा अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. तो सबंध अभ्यासक्रम व त्यानंतरची बारा महिन्यांची आंतरवासिता एकाच संस्थेत झाली पाहिजे, आणि त्या देशात डॉक्टरी करण्याचा परवाना मिळेल अशी ती पदवी हवी. म्हणजे वैद्यकीत क्रेडिटांची बदली हा मार्ग जवळजवळ बंदच. शेवटी युद्धाची आपत्ती म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने त्या मुलांना दुसऱ्या देशांत अभ्यास पुरा करण्यास मोकळीक दिली, तीही पदवी मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच असावी या अटीवर. तो अपवाद होता. अपवादाच्या भरवशावर कोणी आपले पोर पाठवू नये.

वकिलीत बार कौन्सिलची मान्यता व परीक्षा आहे. औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र यांना आपापल्या परिषदा आहेत. इतर सर्वसाधारण पदव्यांची समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ देत असे, तर २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी स्वतःचे नियम जाहीर केले. तेव्हा प्रथम त्या त्या परिषदेचा नियम वाचावा. कळस बसला.

त्याखालचा मजला पदवीचा. विद्यापीठ निवडल्यावर त्या पदवीसाठी कोणते विषय सक्तीचे व त्यांच्या आधी कोणते यावयास हवेत, याची यादी मिळवावी. जर्मनीतील पदव्युत्तर अभ्यासक्रम पुष्कळदा गणिताची अमुक क्रेडिटे, मूळ विषयाची तमुक क्रेडिटे असे स्पष्ट मागतात. नुसती बारावी झालेल्याला तेथे पदवीच्या पहिल्या वर्षाला सरसकट प्रवेश मिळत नाही. येथील विद्यापीठात एक वर्ष यशस्वी केले, तर त्याच शाखेचा दरवाजा उघडतो. हे ठाऊक असलेला विद्यार्थी ते वर्ष वाया गेले म्हणून रडत नाही, तो ते जाणूनबुजून करतो. अमेरिकेत पहिली दोन वर्षे कमी खर्चाच्या कम्युनिटी कॉलेजात करून पुढची दोन विद्यापीठात करण्याची वाट आहे. परंतु त्या दोन संस्थांत कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी धरावयाचा याचा लेखी करार असेल, तरच ती वाट निर्धोक. शिवाय तेथे पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान बारा क्रेडिटांचे विषय घ्यावेच लागतात. त्याखाली आला तर अभ्यासच नव्हे, व्हिसाही धोक्यात येतो. एखादा विषय जड जातो म्हणून सोडण्याआधी हे आठवावे.

त्याखालचा मजला आपल्या येथील महाविद्यालयाचा. नव्या धोरणात विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक मिळाली आहे. बहुतेक मुले सोपा विषय किंवा मित्राने घेतलेला विषय घेतात. ज्याला पुढे संख्याशास्त्र लागणार आहे त्याने ते दुसऱ्या वर्षीच घ्यावे. येथे ते परवडणाऱ्या शुल्कात शिकता येते, तिकडे एकेका क्रेडिटाचे मोल डॉलरांत मोजावे लागते. आपली क्रेडिटे आता श्रेयांक पेढीत जमा होतात, ही सोय चांगली आहे. मात्र त्या पेढीची हुंडी परदेशात आपोआप वटेल असे समजू नये. तिकडचा गलाईवाला कस लावणारच. २०२२ च्या नियमांनी आपल्या व परदेशी विद्यापीठांना मिळून अभ्यासक्रम चालविण्याची मुभा दिली आहे. जुळ्या अभ्यासक्रमात तीस टक्क्यांपर्यंत क्रेडिटे परदेशी संस्थेत मिळविता येतात व पदवी आपल्या विद्यापीठाची राहते. ज्या घराला चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्याने या वाटेची चौकशी अवश्य करावी.

आणि अगदी तळाशी पाया, तो कागदांचा. प्रत्येक वर्षाचा छापील अभ्यासक्रम, त्यातील घटक, तास व संदर्भग्रंथ यांसह, महाविद्यालयाच्या शिक्क्याने त्याच वर्षी घेऊन ठेवावा. आमच्या पुतण्याचे प्रकरण येथेच अडले. अभ्यासक्रम बदलला होता आणि जुन्याची प्रत सापडेना. बंधूने तिच्यासाठी तीन खेपा घातल्या. शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात ती मिळाली. ती पाठवून पुतण्याने फेरविचाराचा अर्ज केला, आणि आणखी नऊ क्रेडिटे मान्य झाली. एका जुन्या पुस्तिकेने अर्धेअधिक सत्र वाचविले! फेरविचाराचा अर्ज करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. नावाचेही तसेच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे, कधी आईचेही. पारपत्रावर त्याचा क्रम निराळा. तिकडच्या कारकुनाला ही दोन माणसे वाटतात. हे दुरुस्त करावयाचे ते येथे, निघण्यापूर्वी. आणि सर्वांत महत्त्वाचे : 'इतके विषय धरू' हे विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडून, विषयवार, लेखी घ्यावे. युरोपात देवघेवीने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या करारपत्रावर तो स्वतः, त्याचे विद्यापीठ आणि तेथील विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. आपण जमिनीचा व्यवहार साठेखताशिवाय करीत नाही. मग जमीन विकून जे करावयाचे त्याला निदान तेवढा तरी कागद नको काय?

कोणी म्हणेल, विद्या अशी तराजूत घालावयाची असते काय? आक्षेप योग्य आहे. यंत्रशाळेत पुतण्याने जे हाताने शिकले ते क्रेडिटात धरले गेले नाही, पण गेलेही नाही. तिकडच्या प्रयोगशाळेत बिघडलेले यंत्र त्याने उघडून दुरुस्त केले, तेव्हा त्याच्या गुरुजींनी विचारले, 'हे कोठे शिकलास?' त्याने ते मोठ्या अभिमानाने आपल्या बापाला कळविले. बंधू आम्हांस म्हणाला, "आण्णा, मोजलं न्हाई, पर कळलं म्हणायचं." न मोजलेली विद्या वाया जात नाही, हे खरे. परंतु न मोजलेल्या विद्येचे व्याज बापाला भरावे लागते, हेही तितकेच खरे. म्हणून विद्येची किंमत करू नका असे सांगणाऱ्याने आधी त्या विहिरीखालच्या तुकड्याकडे पाहावे.

मुलींच्या बाबतीत एक शब्द अधिक. मुलाला एक वर्ष जास्त लागले तर घर कुरकुरते आणि पैसे पाठविते. मुलीला जास्त लागले तर 'आता पुरे, परत ये' असे म्हणणारी माणसे अजून आपल्यांत आहेत. मुलीच्या वाट्याला वेळ मोजून येतो, म्हणून तिची आखणी अधिक नेटकी हवी. आणि ती चुकली तरी, चूक तिची नसून आखणीची आहे, हे समजण्याइतके मन आम्ही मोठे करावयास हवे.

आमची एक सूचना आहे. गावातील वाचनालयाने एक कपाट या कामासाठी ठेवावे. आपल्या बाजूची जी मुले परदेशी शिकून आली, त्यांनी आपले अभ्यासक्रम, आपले कोणते विषय कोठे मान्य झाले व कोणते झाले नाहीत त्याच्या याद्या तेथे ठेवाव्यात. ज्याने ठेच खाल्ली त्याने दगड दाखवावा. खर्च काहीच नाही, आणि पुढच्या पोराचे वर्ष वाचेल. आमच्या पुतण्याची ती अभ्यासक्रमाची पुस्तिका पहिली म्हणून आम्ही बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ती चालकांच्या हाती देऊ.

यंदाच्या मोहरमला ताबुतांकडे पाहताना आमच्या या रुक्ष हिशेबाची आठवण ठेवावी, एवढेच आमचे मागणे.